वहिनींच्या हाताला लागलेला बोल

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आई होती तेव्हा आईलाही नाही. एकदाच सांगायला गेलो होतो – मागच्या मार्गशीर्षात, धारला – पण ते सांगणं झालं की नाही, हे माझं मलाच अजून कळलेलं नाही. तुम्ही ठरवा. नको, ठरवू नका. नुसतं ऐका.

गोष्ट झुडपांची आहे. ऐकणाऱ्याला हसू येईल इतकी साधी. सहा झुडपं मेली, त्याला आता अकरा वर्षं झाली. माणसं जातात तिथे झुडपांचं काय घेऊन बसलास, असं मीच मला पुष्कळदा म्हटलं. तेवढ्यावर भागलं असतं तर आज वही उघडून बसलो नसतो.

मी देवासचा. वडील सांगलीकडून इथल्या एका कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. मीही कारखान्यातच लागलो. क्वालिटी विभागात आहे. एखादा भाग बिघडून परत आला की तो का बिघडला, कुणाच्या हातून बिघडला, हे शोधायचं, कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची – हे माझं काम. माझ्या सहीने लोकांना मेमो गेलेले आहेत. खोटी सही मी कधी केली नाही. कारखान्यात, म्हणजे.

कॉलनीत मात्र मला ओळखतात ते बागेमुळे. ‘झाडवाले भिया’ म्हणतात – भिया म्हणजे इकडचं भैया. एके काळी रेल्वेने पाणी आणून प्यायलेलं हे शहर. अजूनही नळ दिवसाआड येतो, आणि वैशाखात काळी माती अशी फाटते की भेगेत हात जातो. अशा ठिकाणी गुलाब, लॉन, डेलिया असले लाड कुणी करायचे? म्हणून मी कमी पाण्यावर जगणारी झुडपं लावायला लागलो. वाचायचो, फोन करायचो, माती बदलायचो. त्यात ग्रेविलियाचं वेड लागलं. ऑस्ट्रेलियातल्या रानातलं झुडूप ते – आपल्याकडे रस्त्याकडेला सिल्व्हर ओक असतो ना, त्याच्याच कुळातलं, पण छातीएवढंच वाढणारं. पानं शेवग्याच्या सुकलेल्या काडीसारखी बारीक, आणि फुलं – लाल-केशरी, कंगव्याच्या दातांसारखी वळलेली. शिंजीर पक्षी दिवसभर हलत नाही तिथून. माळव्यात ते कुणाकडेच नव्हतं. खरं सांगायचं तर हेच मोठं आकर्षण होतं.

आता वहिनींबद्दल सांगतो. टाळत होतो.

माझे थोरले भाऊ – दादा – धारला शाळामास्तर होते. नलिनी वहिनी त्यांच्या पत्नी. मूलबाळ नव्हतं. रविवारी दोघं स्कूटरवर नालछ्याच्या बाजूला जायची, टेकड्यांवर हिंडायची आणि बिया घेऊन यायची. धायटी, करवंद, मुरुडशेंग. घरी तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून त्यात पेरायची. दादा थट्टेने म्हणायचे, “आमची मुलं डब्यात वाढतात.” वहिनी हसायच्या. ते हसणं मला आठवतं, कारण पुढे ते फारसं पाहायला मिळालं नाही.

दादा पन्नाशीच्या आत गेले. हार्ट. आईने आणि मी वहिनींना देवासला आणलं. एक ट्रंक, एक शिलाईचं मशीन आणि सहा तेलाचे डबे, एवढं सामान. डबे टेम्पोत त्यांनी मांडीजवळ धरले होते. दोन करवंदं, तीन धायट्या, एक मुरुडशेंग. मी ती मागच्या भिंतीजवळ लावायला सांगितली. पुढच्या अंगणात नाही – पुढे माझी बाग होती.

ग्रेविलियाची सहा रोपं बंगळूरच्या एका नर्सरीतून मागवली, ती त्याच वर्षीच्या आषाढात आली. पुठ्ठ्याचं खोकं, आत ओलसर भुसा, आणि भुशात घडी घातलेला एक कागद. तो कागद मी खुरप्यांच्या पेटीत टाकला. वाचला नाही. मला येत होतं ना सगळं!

आमच्या घरी एक रीत होती. आईचं माहेर धारचं, जुन्या दरबारी नोकरदारांचं घर. तिथून ती घेऊन आलेली. अंगणात रोप लावताना मातीची पहिली ओंजळ थोरल्या सुनेने घालायची. हळदकुंकू, ओंजळभर माती, मग बाकीच्यांनी हात लावायचे. वहिनी धारला असताना हे माधवी – माझी बायको – करायची. आता थोरली सून घरात होती. पण ती आता विधवा होती.

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “तिला नको रे पुढे करू. माधवी घालेल माती.”

मी मुद्दाम आवाज चढवला. अंगणात शेजारचे चौधरीजी होते, त्यांची बायको होती, आणखी दोघं-तिघं बघायला आली होती. मी म्हणालो, “आई, कुठल्या काळात आहेस? आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. वहिनींच्याच हातून माती पडणार.”

वहिनी दारातच होत्या. “भाऊजी, राहू द्या हो. आईंचं ऐका,” म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. मी ऐकलं नाही. त्यांना हाताला धरून पुढे आणलंच म्हणा ना. चौधरीजी म्हणाले, “वा भिया, ये हुई ना बात!” – आणि मला काय बरं वाटलं! ती माझी सुधारणा होती. माझी. वहिनी त्यात फक्त उभ्या होत्या.

सहा खड्डे, सहा ओंजळी. प्रत्येक ओंजळ घालताना त्यांनी माती आधी बोटांनी मोकळी केली, ढेकळं काढून टाकली. सवयीचा हात होता. माती ओतून झाल्यावर त्या रोपाच्या बुंध्याशी तळवा क्षणभर टेकवायच्या, ताप बघतात तसा.

त्या ओंजळींच्या खाली काय होतं, ते फक्त मला माहीत होतं. आदल्या दिवशी सहाही खड्ड्यांत मी मूठ-मूठ डीएपी खत टाकलं होतं. वर हाडांचा चुरा. सतवासला माझा एक मित्र शेती करतो, त्याच्याकडून अर्धं पोतं आणलेलं. आपल्याकडे गहू असो, सोयाबीन असो, डीएपीशिवाय कुणाचं पान हलत नाही. मला वाटलं, परदेशी रोपं आहेत, अंमळ जास्तच घालू. प्रेमाने घातलं. हो, प्रेमानेच. पण मी प्रेमाबद्दल सांगायला बसलेलो नाही.

तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा जळायला लागल्या. आधी पिवळ्या, मग काळ्या, कुणी उदबत्तीने डागल्यासारख्या. मी पाणी तोडलं. मग पाणी दिलं. मग सावली केली. एकेक गेलं. गणपतीत तीन गेली, पितृपक्षात दोन, आणि शेवटचं घट बसले त्या दिवशी.

आई एकदाच, फुलवाती करता करता, कुणाकडेही न बघता म्हणाली, “मी म्हटलं होतं.” चौधरीजींची बायको कुंपणावरून म्हणाली, “अब क्या करो भैया, हाथ-हाथ की बात होती है.” तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. ती बिचारी समजूतच घालत होती. वहिनी तेव्हा तारेवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल झटकला, वाळत घातला, आणि आत गेल्या. बादलीत कपडे तसेच राहिले. ते माधवीने घातले.

मी नर्सरीला फोन केला. भांडायलाच केला होता – माल खराब पाठवलात म्हणून. तिकडचा माणूस शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “सर, डीएपी तो नहीं डाला ना? सुपर फॉस्फेट, बोन मील, कुछ भी?”

आणि मी म्हणालो, “नाही.”

विचार करून म्हणालो असंही नाही. कुणी मागे उभं नव्हतं, तो माणूस मला ओळखत नव्हता, त्याला खरं सांगून माझं काय जाणार होतं? तरी नाही म्हणालो. त्याने मग समजावून सांगितलं. ही झुडपं निकस मातीतली. डीएपीत, हाडांच्या चुऱ्यात असतो तो फॉस्फरस तिथे नावालाही नसतो, म्हणून त्यांची मुळं तो मिळेल तेवढा ओढून घेतात. एकदम मूठभर मिळाला की जळून जातात. “कागज में लिखा था सर, सबसे ऊपर.” फोन ठेवून मी पेटीतला कागद काढला. लिहिलं होतं. सगळ्यात वर, ठळक अक्षरात.

तो कागद मी बारीक फाडला आणि कंपोस्टच्या खड्ड्यात टाकला. वरून पालापाचोळा ओढला.

त्या क्षणी आत जायचं, आणि स्वयंपाकघरात चार माणसांसमोर म्हणायचं – वहिनी, माझी चूक झाली, खताने मेली. किती शब्द होतात? आई हसली असती. माधवीने महिनाभर चिडवलं असतं. वहिनी कदाचित – कदाचित हसल्या असत्या, दादा असताना हसायच्या तशा. मी गेलो आत. पाणी प्यायलो. बाहेर आलो.

एवढंच असतं तर मी याला गप्प बसणं म्हटलं असतं. गप्प तर सगळेच बसतात. पण याच्यापुढे आहे, आणि तेच मला सांगता येत नव्हतं इतकी वर्षं.

कार्तिकात मी पुन्हा सहा रोपं मागवली. या वेळी खड्डे दुसऱ्या जागी केले, अर्धी माती नि अर्धा मुरूम, वाफा वीतभर उंच, खत काहीही नाही. चिमूटभरही नाही. आता मला ठाऊक होतं की ही जगणार. म्हणजे बघा – ठाऊक होतं. पुन्हा आई बाहेर, माधवी बाहेर, चौधरीजी आणि त्यांची बायको बाहेर. वहिनी आत होत्या. पण आवाज ऐकून त्या दारापर्यंत आल्या. पदराला हात पुसत होत्या. पुढे यायला आल्या होत्या की नुसत्या बघायला, हे मला सांगता येणार नाही. मला वाटतं, त्या वाट बघत होत्या. कुणीतरी पुन्हा एकदा म्हणावं – या.

मी म्हणालो, “वहिनी, या वेळी तुम्ही राहू द्या.”

एवढंच. अगदी हळू, आदराने. सगळ्यांसमोर.

का म्हणालो? त्यांच्या हातची माती पडून झुडपं जगली असती, तर मग आधीची का मेली हा प्रश्न उठला असता – हे एक कारण. पण ते मी नंतर शोधून काढलेलं आहे. त्या क्षणी दुसरंच होतं मनात, आणि ते सांगायची लाज वाटते: ती फुलं मला माझ्या हातची हवी होती. शिवाय असं बोललो की सहा झुडपांचा हिशोब कायमचा मिटत होता. मेली त्यांच्या हाताने, जगली माझ्या हाताने. मेमो निघाला आणि खाली माझी सही झाली.

त्या “बरं” म्हणाल्या. आत वळल्या. माधवीने माती घातली.

सहाच्या सहा लागली. दुसऱ्या हिवाळ्यात फुलली. लोक उज्जैनहून, इंदूरहून बघायला यायला लागले, फोटो काढायला लागले. चौधरीजी तर येईल त्याला सांगायचे, “भिया के हाथ में जादू है, सूखी लकड़ी गाड़ दें तो फूट जाए.” मी हात जोडायचो. आणि आलेल्या प्रत्येकाला, अगदी पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला, मी एक गोष्ट न चुकता सांगायचो – “याला डीएपी घालू नका, हाडांचा चुरा घालू नका, जळून जाईल.” लोक वहीत लिहून घ्यायचे. सगळ्या कॉलनीला मी हे सांगितलं. रस्त्यावरच्या माणसाला सांगितलं. फक्त आवाज जरा खाली आणून सांगायचो, कारण पुढच्या खोलीच्या खिडकीशी वहिनी मशीनवर बसलेल्या असायच्या.

मागच्या भिंतीजवळची त्यांची सहा झुडपं मात्र कुणी न बघता वाढत होती. त्यांना कुणी पाणी दिलं नाही, खत दिलं नाही. फाल्गुनात धायटी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाल व्हायची. करवंदांचं लोणचं घरात पुरून उरायचं. बीपासून त्यांनी वाढवलेली सहाच्या सहा झुडपं डोळ्यांदेखत उभी होती, आणि तरी घरात कुणाच्या मनात आलं नाही की या हाताला कसला आलाय दोष? आई म्हणायची, “ती काय, रानटीच. कुठेही येतात.” एकदा पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, ही देशी झुडपंही तुम्हीच जमवलीत का? मी म्हणालो, “हो, आवड आहे.” खिडकीतलं मशीन थांबलं नाही. ऐकू गेलं नसेल. मी असं धरून चालतो की ऐकू गेलं नसेल.

मग हळूहळू एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटत गेली. कुणी काढून घेतली नाही – हे मी सांगितलंच पाहिजे – कुणी एका शब्दाने काढून घेतली नाही. तुळशीला पाणी घालणं त्यांनी माधवीवर सोडलं. मग विरजण. “तू लाव गं, माझ्या हातचं लागतं न लागतं.” मग लोणचं. करवंदाचं लोणचं त्यांच्यासारखं आमच्याकडे कुणालाच जमत नव्हतं. त्या समोर पाटावर बसायच्या, मीठ किती, मोहरी किती ते सांगायच्या, आणि कालवायचं मात्र माधवीने. माधवी एकदा वैतागली, “अहो ताई, तुम्हीच घाला ना हात, मला काही अंदाज येत नाही.” वहिनी म्हणाल्या, “नको बाई. वर्षाचं आहे. फुकट जाईल.” थट्टेत म्हणाल्या, माधवीही हसली. मी तिथेच ताटावर बसलो होतो. पोळीचा तुकडा मोडत होतो.

आईच्या शेवटच्या दुखण्यात आईचं सगळं वहिनींनी केलं. उठवणं, पुसणं, वेणी. पण औषध – औषध त्या द्यायच्या नाहीत. बाटली हलवायच्या, मापाने चमचा भरायच्या आणि तो माधवीच्या हातात द्यायच्या. माधवी ऑफिसला गेली असली तर माझ्या हातात. भरलेला चमचा, थेंबही न सांडता. मी तो आईच्या तोंडात घालायचो. आई गेली तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, “बरं झालं, औषध मी दिलं नाही.”

हे वाक्य मी ऐकलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं, नाही? आई गेली होती, आता कुणासमोर मान खाली जाणार होती? पण तेव्हा आठ वर्षं झाली होती. एका दिवसाचं खोटं सांगून टाकता येतं. आठ वर्षांचं कुठून उचलायचं, हेच कळत नाही. मी दिवसकार्याच्या यादीत डोकं घातलं.

आईचं वर्षश्राद्ध झाल्यावर वहिनी धारला परत गेल्या. त्यांच्या मावसबहिणीच्या घरात वरची खोली रिकामी होती. “इथे माझं काय अडतंय आता,” म्हणाल्या. मी आग्रह केला. खरा केला की वरवरचा, ते विचारू नका. झुडपं नेता का, असं विचारलं तर म्हणाल्या, “लागलेली कशाला हलवायची? असू देत तुमच्याकडे.” ट्रंक आणि मशीन घेऊन गेल्या.

मागच्या वर्षी मला एक बारीकसा झटका येऊन गेला. डाव्या हाताची बोटं आठ दिवस ऐकेनात. चमचा धरला की पडायचा. बोटं परत आली. पण त्या आठ दिवसांत आपलाच हात आपला न वाटणं म्हणजे काय, ते कळलं. मार्गशीर्षात मी धारची बस पकडली. माधवीला सांगितलं, सहज जाऊन येतो.

वहिनी आता शेजारच्या मुलांना मराठी वाचायला शिकवतात. हिंदी शाळेतली मुलं, घरी मराठी बोलतात पण वाचता येत नाही. मी गेलो तेव्हा शिकवणी नुकती सुटली होती. खोली स्वच्छ, कोपऱ्यात मशीन. बाहेर दोन हात रुंद गच्ची, दिवसभर ऊन. आणि त्या गच्चीवर एकही कुंडी नाही. खालच्या कठड्यावर बहिणीच्या सुनेच्या, शिल्पाच्या, पंचवीस-तीस कुंड्या असतील. वरती नुसती फरशी.

मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. पाणी प्यायच्याही आधी. डीएपी, हाडांचा चुरा, कागद, फोन, सगळं. मुळं कशी जळतात तेही सांगितलं. “वहिनी, तुमच्या हाताने काही झालं नव्हतं. शेवटचं मेल्यावर आठवड्याभरातच मला कळलं होतं. कळूनही मी तुम्हाला राहू द्या म्हणालो.”

त्या ऐकत होत्या. पोरांच्या पाट्या एकावर एक रचत होत्या, त्या थांबल्या. मी तयार होतो. शिव्या द्याव्यात, जा म्हणावं, रडावं – कशालाही तयार होतो.

त्या हसल्या. आणि म्हणाल्या, “एवढ्यासाठी धारपर्यंत आलात, भाऊजी? आजारातून उठलेला माणूस तुम्ही.”

मला वाटलं, नीट कळलं नाही. पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, “कळलं हो. तुमचे दादा म्हणायचेच, धाकटा मनाने फार हळवा. म्हातारीला बरं वाटावं म्हणून सगळं स्वतःवर ओढून घेताय.”

“वहिनी, शपथ घेऊन सांगतो.”

“शपथ नका घेऊ. असल्या गोष्टीला शपथ कशाला?” त्यांनी माझ्या त्याच डाव्या हातावर हात ठेवला. ठेवला आणि लगेच काढून घेतला, जणू चुकून झालं. “तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर मला पुढे नेलंत, ते मी विसरलेले नाही. तेवढं कुणी करत नाही. पुढचं माझं नशीब. त्यात तुमचं काय?”

पुरावा मीच फाडलेला. अकरा वर्षं त्यांनी माझा चांगुलपणाच पाहिला होता, आणि खरं बोललो तर तेही माझ्या चांगुलपणातच जमा झालं. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, “पुरे आता, भाऊजी. त्रास करून घेऊ नका.” त्यांना माझी काळजी वाटत होती. खाली हाक मारून त्यांनी शिल्पाला चहा टाकायला सांगितलं.

चहा झाला. पोहे झाले. माधवीची चौकशी झाली. चारच्या बससाठी निघालो तेव्हा शिल्पा जिन्याशी एक रोप घेऊन उभी होती – धायटीचं, बोटभर, दुधाच्या पिशवीत लावलेलं. नालछ्याला माहेरी गेली होती, तिकडून आणलं म्हणाली. “मोठ्या आई, तुमच्या हातून द्या ना काकांना. देवासला लावतील.”

वहिनींनी दोन्ही हात पदराआड घेतले. “मी कशाला? तूच दे. त्यांच्या हाताला गुण आहे, जगवतील ते.”

शिल्पाने रोप पुढे केलं. मी ते घेतलं. “हो, जगवतो,” असंही म्हणालो.

बसमध्ये ते मांडीवर धरून आणलं. पुढच्या अंगणात लावलं. चांगलं वाढतंय.